रक्त म्हणतंय गाभण, गाय म्हणतीय माजावर – वार नेमकं करते तरी काय?

गोठा_लोहा | सोमवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी. पोळा गोडीत झाला अन् लगेच डोक्याला ताप. दोन जनावरांचं विचारायलोय. दोन्हीचं मूळ वारेतच, म्हणजे व्यायल्यावर पडते त्या वारेतच, असावं असं वाटायलंय, म्हणून एकाच धाग्यात टाकतो.

पहिली एचएफ (होल्स्टीन) संकरित, दुसरं वेत झालेली. भरवल्यापासून, म्हणजे रेत दिल्यापासून, ३० व्या दिवशी रक्त काढून तपासायला दिलं. तीन दिवसांनी मेसेज आला, गाभण. घरात पेढे तेवढे वाटायचे राहिले. आणि परवा, ५८ व्या दिवशी, पहाटे साडेचारला बाई दावं तोडायला लागली. हंबरून हंबरून गल्ली उठवली. मागं काचेसारखा चिकट स्रावाचा सोट लोंबायला, माजाची खूणच. आता हिला गाभण म्हणू का रिकामी म्हणू?

दुसरी लाल कंधारी, आजीची लाडकी, आठवा सरत आलाय. मागच्या वेताला वार पडली नव्हती. दुसऱ्या दिवशी एकाला बोलावलं, त्यानं कोपरापर्यंत हात घालून ओढून काढली. चार दिवसांनी गोठ्यात उभं राहवेना असा वास. दूध निम्म्यावर आलं आणि पुढं सात महिने गाय माजावरच आली नाही. यंदा तसं होऊ नये म्हणून आत्तापासून काय करू?

सरळबोल्या_केज | रात्री ९:५८

ह्या रक्ताबिक्ताच्या तपासण्या म्हणजे पैसे काढायचे धंदे. आमचे चुलते हात घालून सांगायचे. चाळीस वर्षांत चुकले नाहीत.

माळावरची_गौरी | रात्री १०:०५

भाऊ, चुलते तिसाव्या दिवशी सांगायचे का? आमच्याकडं तर दोन-अडीच महिने झाल्याशिवाय कुणी हात घालत नाही. तपासणी आणि चुलते यांची तुलना नका करू, दोघांच्या तारखा वेगळ्या आहेत.

सरळबोल्या_केज | रात्री १०:०९

अडीच महिन्यालाच सांगायचे. पण बरोबर सांगायचे.

डॉ_मांजराकाठ | रात्री १०:३१

लोहावाले, आधी तीन गोष्टी सांगा. गाय व्यायल्यापासून किती दिवसांनी भरवली? भरवल्यावर २१ व्या आणि ४२ व्या दिवसाच्या आसपास माजाची काही खूण दिसली का? आणि मधल्या काळात ती आजारी पडली होती का?

गोठा_लोहा | रात्री ११:०२

घरच्यांना विचारून सांगायलोय. व्यायल्यापासून ४१ व्या दिवशी भरवली. २१ ला काहीच नाही, कारण त्या दिवशी आम्ही मुद्दाम ध्यान ठेवून होतो. ४२ ला पण काही नाही. आजारी म्हणाल तर हौ, ३५-३६ व्या दिवशी १०५ ताप होता. गोचीड ताप म्हणाले, इंजेक्शन झाले, चार दिवसांत उतरला. त्याचा याच्याशी काय संबंध?

डॉ_मांजराकाठ | रात्री ११:४४

संबंध आहे. बहुतेक तिथंच गाडी घसरली.

तपासणीनं तुम्हाला फसवलेलं नाही. तिला जेवढं कळतं तेवढं तिनं सांगितलं. ही चाचणी वासराला ओळखतच नाही, वारेला ओळखते. ३० व्या दिवशी आत जिवंत, कामाला लागलेली वार होती, एवढाच त्या ‘गाभण’चा अर्थ.

गाईची वार बाईच्या वारेसारखी एका थाळीची नसते. गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवर जन्मापासून उंचवटे असतात, त्यावर वारेचे गोंडे येऊन बसतात, ब्लाउजचं प्रेसबटण लावावं तसे. एका गाभात साधारण ७० ते १२० बटणं. वारेच्या बाहेरच्या थरात काही पेशी दोन केंद्रकांच्या असतात, शंभरात वीसेक. ह्या पेशी एका जागी बसत नाहीत. सरकत जाऊन आईच्या अस्तराच्या पेशींत मिसळतात आणि आपली पोतडी तिकडं रिकामी करतात. त्या पोतडीतलं एक प्रथिन म्हणजे पॅग, पूर्ण नाव प्रेग्नन्सी असोसिएटेड ग्लायकोप्रोटीन. ते आईच्या रक्तात उतरतं, दुधातही येतं. २८ व्या दिवसापर्यंत किटला सापडेल एवढं होतं.

आता खरी गंमत. पॅग ज्या घराण्यातलं आहे ते घराणं प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांचं. आपल्या जठरातलं पेप्सिन त्याच घरातलं. वासराच्या चौथ्या पोटात चीक गोठवणारं कायमोसिन, ज्याला चीजवाले रेनेट म्हणतात, तेही त्याच घरातलं. गाईच्या वारेत या पॅगचे वीसहून जास्त भाऊबंद आहेत, पण त्यातल्या बऱ्याच जणांची धार गेलेली. कात्रीचा आकार शाबूत, फक्त पात्यापाशी एखादं अमिनो आम्ल बदललेलं. समोरचं प्रथिन धरता येतं, कापता येत नाही. एकदोघांत अजून थोडी धार उरलीय असं प्रयोगशाळेत दिसलंय. १९८२ साली अमेरिकेत अशा प्रकारचं प्रथिन गाईच्या वारेतून पहिल्यांदा वेगळं काढलं. ते कुणाच्या घरचं हे मात्र १९९१ मध्ये जनुक वाचल्यावर कळलं.

तुमच्या गाईचं माझं अनुमान असं. गाभ राहिला होता, म्हणून २१ ला माज नाही. तापाच्या दणक्यात गर्भ गेला. पहिल्या सहा-सात आठवड्यांत गर्भ जाण्याचं प्रमाण तसंही सगळ्यात जास्त असतं, आणि बाहेर काही पडलेलंही दिसत नाही. मग बीजांडावरचा, गाभ टिकवणारा पिवळा पिंड विरघळायला, नवं बीज तयार व्हायला वेळ गेला आणि ५८ ला माज आला. गर्भ मेल्यावरही पॅग रक्तात आठवडाभर, कधी त्याहून जास्त रेंगाळतं. समजा तुम्ही रक्त ३८ व्या दिवशी काढलं असतं तरी कदाचित ‘गाभण’च आलं असतं.

अजून एक पाचर. व्यायल्यावर जुन्या वारेचं पॅगसुद्धा रक्तात बराच काळ राहतं. म्हणून किटवर लिहिलेलं असतं की व्यायल्यापासून किमान ६० दिवस झालेले हवेत, काही किटला त्याहून जास्त. तुमचं ७१ व्या दिवशी झालं, म्हणजे तसं चालण्यासारखं, पण काठावर. ज्यांची जनावरं व्यायल्यावर चाळीस दिवसांत भरवतात आणि लगेच तिसाव्या दिवशी रक्त देतात, त्यांनी किटचा कागद वाचल्याशिवाय देऊ नये.

शेणामेणाचं_घर | मंगळवार, सकाळी ६:५०

म्हणजे धार नसलेली कात्री, नुसती म्यानात. आमच्या गावचे माजी सरपंच असेच आहेत.

निवृत्त_गुरुजी_परतूर | सकाळी ७:२५

आमच्या वेळी एन्झाइमला विकर आणि वारेला अपरा म्हणून शिकवायचो. मुलं पाठ करायची आणि घरी जाऊन वारच म्हणायची, ते बरोबरही होतं. डॉक्टर, एक शंका. जे विकर कापतच नाही ते शरीर एवढं भारंभार का तयार करतं? निसर्ग असा उधळ्या नसतो.

डॉ_मांजराकाठ | दुपारी १:१५

गुरुजी, वासरू अर्धं बापाचं असतं. आईच्या शरीराच्या दृष्टीनं ते परकंच. हे परकेपण आईच्या रोगप्रतिकार यंत्रणेनं सहन करावं यासाठी पॅगची मदत होत असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. कापणं गेलं तरी धरणं राहिलंय, आणि धरण्याचाच उपयोग होत असेल. घराण्यात धंदा बदलणारे निघतातच की.

परभणीची_पोरगी | दुपारी ३:०४

नमस्कार. मी परभणीला पशुवैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गुरुजींना उत्तर द्यायला सर आहेतच, पण वारेत खरोखर काम करणारे एन्झाइम खूप आहेत, त्यांच्याबद्दल लिहू का? आत्ताच वाचलंय म्हणून डोक्यात आहे.

शेणामेणाचं_घर | दुपारी ३:१०

लिही गं बाई, परीक्षा आमची नाही.

परभणीची_पोरगी | दुपारी ४:४८

कोलेस्टेरॉलपासून संप्रेरकं बनवायची एक साखळी असते, कारखान्यातल्या पट्ट्यासारखी. एक एन्झाइम कोलेस्टेरॉलची शेपटी तोडतं, दुसरं त्याचं गाभ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन करतं, तिसरं त्याला माज आणणाऱ्या इस्ट्रोजेनच्या वाटेला लावतं, आणि शेवटचं, अ‍ॅरोमाटेज, इस्ट्रोजेन बनवतं. गाईच्या वारेत ही सगळी मशीनं आहेत. माणसाच्या वारेत मधलं तिसरं मशीन जवळजवळ नसतंच, तिथं कच्चा माल बाळाच्या आणि आईच्या ग्रंथींकडून येतो.

तरी गाय गाभाचा बहुतेक काळ बीजांडावरच्या पिवळ्या पिंडावरच अवलंबून असते. साधारण सातव्या महिन्यापर्यंत तो पिंड गेला तर गाभ टिकेल याचा भरवसा नाही. म्हणून गाभण जनावराला हा पिंड विरघळवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन चुकून दिलं की गाभडते.

मला सगळ्यात आवडलेलं हे. वारेत इस्ट्रोजेन भरपूर बनतं, मग गाय नऊ महिने माजावर का येत नाही? कारण वारेतलंच दुसरं एन्झाइम त्याला गंधकाचा तुकडा चिकटवतं. कुलूप लावल्यासारखं. कुलूपबंद इस्ट्रोजेन रक्तात फिरतं पण काम करत नाही. साडेतीन-चार महिन्यांनंतर ते आईच्या रक्तात आणि दुधात मोजता येतं, आणि आत गाभ जिवंत असल्याची ती खूण मानतात.

आणि व्यायची वेळ आई ठरवत नाही, वासरू ठरवतं. १९६० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये लिगिन्स यांनी मेंढ्यांवर हे दाखवलं. पोटातल्या कोकराच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं, त्यानं वारेतलं ते तिसरं मशीन जोरात सुरू होतं, प्रोजेस्टेरॉन खर्ची पडतं आणि इस्ट्रोजेन चढतं. गाईतही व्यायच्या आधी वारेत ते एन्झाइम वाढतं, पण गाईचा मुख्य प्रोजेस्टेरॉन पिवळ्या पिंडाचा असल्यानं तो पिंड विरघळावा लागतो. ते काम प्रोस्टाग्लँडिनचं, आणि तो बनवायला कॉक्स-२ नावाचं एन्झाइम लागतं. चुकलं असेल तर सरांनी सांगावं.

डॉ_मांजराकाठ | संध्याकाळी ६:०२

चुकलं नाही. तोंडी परीक्षेत मीच विचारलं असतं.

माळावरची_गौरी | रात्री ८:१९

पोरीनं कॉर्टिसॉलचं लिहिलं आणि माझ्या काळजात चर्र झालं. तीन वर्षांपूर्वी आमच्या देवणी गाईला आठव्या महिन्यात पाय सुजून ताप आला. एकानं येऊन दोन इंजेक्शनं दिली. एकाच्या बाटलीवरचं नाव माझ्या लेकानं फोटो काढून ठेवलं, डेक्सामेथासोन. ‘गाभण आहे’ हे मी सांगितलं होतं, तरी दिलं. चौथ्या दिवशी पहाटे वासरू पडलं. अंगावर केस पुरते आले नव्हते. वार आठ दिवस लोंबत होती.

डॉक्टर, त्या इंजेक्शनामुळंच का?

डॉ_मांजराकाठ | रात्री ८:५५

ताई, ताप आणि पायाचं दुखणं हेही कारण असू शकतं, म्हणून शपथ घेऊन सांगत नाही. पण डेक्सामेथासोन म्हणजे वासराच्या कॉर्टिसॉलचीच नक्कल. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत ते दिलं की वारेला वाटतं वासरानं निरोप धाडला. परदेशात गाय ठरवून लवकर व्यायला लावायची असेल तर मुद्दाम हेच देतात, आणि तिथंही त्यानंतर वार अडकणं नेहमीचंच. दार उघडायचा हुकूम येतो, पण बिजागरी सैल व्हायला वेळ मिळालेला नसतो.

गाभण जनावराला कुणीही इंजेक्शन देत असेल तर बाटली हातात घेऊन नाव वाचायचं. डॉक्टर रागावले तर रागावू द्या.

आता बिजागरीवरच येतो, लोहावाल्यांच्या दुसऱ्या गाईसाठी.

बटणाचे दोन भाग एकमेकांना कोलॅजेनच्या धाग्यांनी आणि चिकट प्रथिनांनी धरून ठेवलेले असतात. व्यायच्या आधीच्या आठवड्यांत ही जागा पिकायला लागते, आंब्याचं देठ पिकतं तशी. पिकलेला आंबा हाताळला की निघतो, कच्चा ओढला तर फांदीची साल निघते. पिकवणारे कामगार म्हणजे कोलॅजेन तोडणारी एन्झाइमं, कोलॅजिनेज आणि त्याचे भाऊबंद. ह्यांना मात्र धार आहे. जोडीला आईच्या पांढऱ्या पेशी. त्या परक्या ऊतीला ओळखून तिथं गोळा होतात आणि स्वतःची एन्झाइमं सोडतात. वासरू बाहेर आलं, नाळ तुटली, गोंड्यांतलं रक्त ओसरलं, गर्भाशय आवळू लागलं की सैल झालेली बटणं एकेक करून सुटतात. बहुतेक गाईंची वार तीन ते आठ तासांत पडते. १२ तासांपर्यंत घाबरायचं नाही. २४ तास उलटले तर अडकली म्हणायचं.

अडकते ती ओढायला कुणी नव्हतं म्हणून नाही, पिकली नाही म्हणून. जुळी, गाभडणं, वेळेआधी व्यायणं, कॅल्शियम कमी पडणं, ब्रुसेला जंतूचा रोग, ही नेहमीची कारणं. २००२ साली अमेरिकेत एक महत्त्वाचा अभ्यास झाला. ज्या गाईंची वार पुढं अडकली त्यांच्या पांढऱ्या पेशी व्यायच्या एक-दोन आठवडे आधीपासूनच मंद पडलेल्या होत्या. म्हणजे गाईकडं बघायचं ते वासरू पडल्यावर नाही, आत्ता.

तुमच्या मागच्या वेळच्या माणसानं काय केलं ते डोळ्यांपुढं आणा. कच्ची शंभरेक बटणं, प्रत्येकाची साल काढली. तेवढ्या जखमा, आणि वर कोपरापासूनची घाण. सात महिने माज न येण्याचं मला नवल वाटत नाही.

सरळबोल्या_केज | रात्री ९:२०

मग सडू द्यायची का आत? आणि वारेला जुनी चप्पल किंवा वीट बांधतात, वजनानं येते. आमच्याकडं सगळेच करतात. वेळूचा पाला पण घालतात.

डॉ_मांजराकाठ | रात्री ९:४१

वेळूचा पाला खाऊ द्या, पोटात काही तरी हिरवं जाईल. वीट बांधू नका. ओढ एकाच जागी बसते, वार फाटते, अर्धी आत राहते, कधी मायांगही, म्हणजे गर्भाशयच, बाहेर ओढलं जातं. लोंबणारा भाग शेपटीला आणि शेणाला लागत असेल तर हातमोजे घालून खालून कापा, थोडा भाग बाहेर ठेवा.

आणि हो, आत थोडी सडू द्यायची. चार ते दहा दिवसांत ती सुटून येते. तेवढे दिवस रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर. १०३ च्या वर गेलं, चारा सोडला, मान टाकली, तर त्याच दिवशी डॉक्टर आणि अंगात द्यायचं अँटिबायोटिक. ताप नाही, खातीय-पितीय, तर हात लावायचा नाही. ज्याला कोपरापर्यंत हात घालायची हौस आहे त्याला चहा पाजून परत पाठवा.

गर्भाशयात गोळ्या सरकवायची सवय आहे, त्याबद्दलही बोलतो. टेट्रासायक्लिन जातीची औषधं कोलॅजेन तोडणाऱ्या एन्झाइमांनाच दाबतात. माणसाच्या हिरड्यांच्या आजारात डॉक्सिसायक्लिन अगदी बारीक मात्रेत देतात ते याच गुणासाठी, म्हणजे हिरडी तुटू नये म्हणून. वारेत आपल्याला तुटायलाच हवं असतं. पिकायला ठेवलेला आंबा फ्रिजमध्ये ठेवल्यासारखं होतं ते.

उलटा प्रयोगही झालाय. १९९० च्या दशकात अमेरिकेत काहींनी नाळेच्या रक्तवाहिन्यांतून थेट कोलॅजिनेज सोडलं आणि वार सुटली. खर्च एवढा की आपल्या गोठ्यात ते येणार नाही. पण दुखणं कुठं आहे ते त्यातून स्पष्ट झालं.

गोठा_लोहा | रात्री १०:१०

डॉक्टर, मग आत्ता काय करू ते सांगा. दीड महिना राहिलाय.

डॉ_मांजराकाठ | रात्री १०:३७

दूध आटवलेलं आहे ना? नसेल तर आज आटवा. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण. हिरवं काही तरी रोज, मूठभर का होईना. आपल्याकडं निम्मं वर्ष कडब्यावर जातं आणि वाळल्या वैरणीत ई जीवनसत्त्व उरत नाही. ते आणि सेलेनियम, दोन्ही पांढऱ्या पेशींना लागतात. सेलेनियम तर ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज नावाच्या एन्झाइमचा गाभाच आहे. व्यायच्या साधारण तीन आठवडे आधी दोन्हीचं मिळून इंजेक्शन मिळतं, पण डॉक्टरांकडूनच. सेलेनियम जास्त झालं तर विष. गाय फार लठ्ठ होऊ देऊ नका, आजीला सांगा.

मागच्या वेळी वार अडकली होती म्हणून ब्रुसेलाची रक्ततपासणी आत्ताच करून घ्या. ब्रुसेलाच्या जंतूला गाईच्या वारेतली एरिथ्रिटॉल नावाची साखर फार आवडते, तिथंच तो फोफावतो. आणि तो माणसाला लागतो. सांधे धरतात, ताप येतो-जातो, पुरुषांची वृषणं सुजतात. वारेला उघडा हात नको, कुत्र्यापुढं टाकणं नको. खोल खड्डा, वर चुना. कालवड असेल तर चार ते आठ महिन्यांच्या वयात लस एकदाच. २०१९ पासून सरकारी मोहिमेत ती फुकट आहे.

गोठा_लोहा | रात्री १०:५२

आजी म्हणतीय लठ्ठ कुठंय, बाळसं आहे ते.

परभणीची_पोरगी | रात्री ११:०५

दादा, एक विनंती. वार पडली की हातमोजे घालून बटणं मोजाल का? पुस्तकात ७० ते १२० लिहिलंय. लाल कंधारीची कुणी मोजून सांगितलेली मला सापडली नाहीत.

शेणामेणाचं_घर | रात्री ११:०९

घ्या. आता लोह्यात प्रबंध होणार.

गोठा_लोहा | दिवाळी पाडवा, दुपारी १२:३०

धागा वर काढतो. ब्रुसेला निगेटिव्ह आली होती. काल रात्री सव्वाअकराला कंधारी व्यायली, कालवड. तासाभरात उठून प्यायला लागली. आम्ही गोठ्यातच घोंगडी टाकून बसलो. आजी काठी घेऊन, कारण गाईनं वार खाल्ली तर दूध जातं असं तिचं म्हणणं, आणि त्यावर वाद घालायची माझी हिंमत नाही. चार वाजायला आले तरी नुसती लोंबायली होती. मी दोनदा उठलो, दोनदा डॉक्टरांचं आंब्याचं देठ आठवून खाली बसलो. चार पन्नासला गाय थोडी वाकली आणि सगळी सळकन खाली आली, ओल्या गोधडीसारखी.

एचएफचं पण सांगतो. त्याच माजाला डॉक्टरांना विचारून परत भरवली होती. रक्त ३२ ला गाभण आलं, पण या वेळी पेढ्याचं नाव काढलं नाही. परवा सोनोग्राफी केली, गाभण आहे.

पोरी, बटणं मोजली. हातमोजे घालून, पोतं अंथरून, बायको बॅटरी धरून. लहान-मोठी धरून ८७ पर्यंत आलो होतो. तेवढ्यात आजीनं कुदळ हातात दिली, म्हणाली उजाडायच्या आत खड्डा झाला पाहिजे. उरलेली दहा-पंधरा असतील.